आजींनी चहा घेतला

प्रिय सिस्टर,

तुझं नाव मला माहीत नाही. बाबा तुला सिस्टर म्हणतात, मीही तेच लिहिते. चौथीतून शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा. तू हल्ली हसतच नाहीस असं कानावर आलंय.

खिडकीजवळच्या खाटेवरचे बाबा आठवतात ना, मी त्यांची मुलगी. भाजीवाली. दवाखान्याच्या गेटवर तुझ्या अंगावर धावून गेले होते ती. माफी मागायला लिहीत नाही, आधीच सांगते. कोरोनात आईबाबांना एकाच गाडीतून नेलं. आई वरच्या वॉर्डात, बाबा खालच्या. आई लगेचच गेली. आम्हाला आत सोडत नव्हते. बाबांना ऑक्सिजन लावलेला, आणि ते रोज सकाळी तुला विचारायचे, ही कशी आहे? तू म्हणायचीस, आजी बऱ्या आहेत, आत्ताच चहा घेतला त्यांनी, तुम्हालाही घ्यायला सांगितलाय. आणि ते मुकाट्याने कप तोंडाला लावायचे. हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाला चहा पाजत होतीस, असं सगळ्यांसमोर बोलले मी तुला. तू खाली मान घालून ऐकलंस. उलटून एक शब्द बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

तुमच्या वॉर्डातल्या मावशी माझ्याकडे भाजीला येतात. भाव करून करून जीव खातात, पण बाई सरळ आहे. त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या प्लॅस्टिकच्या पोशाखात लघवीला जाता येत नाही म्हणून तुम्ही पोरी अख्खी ड्युटी घोटभर पाणी न पिता काढायच्या. नाकावर वळ, हाताची सालटं निघालेली. एकमेकींना भूत म्हणून हाका मारायच्या आणि चादरींच्या खोलीत शिरून खिदळायच्या. कधीकधी त्याच खोलीतून रडण्याचाही आवाज यायचा, आणि कोण रडलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असं तुमचं ठरलेलं. आई गेली तेव्हा वर तूच होतीस, मग तुला खाली बाबांच्या वॉर्डात पाठवलं, हेही मावशींनीच सांगितलं. मला कुठे ठाऊक होतं! आणि आता तू राजीनामा लिहून दिलायस म्हणे. पेशंटला बरे व्हाल म्हणायला गेलं की जीभ अडते, हेही खोटंच निघेल असं वाटतं, असं तू मावशींजवळ बोललीस.

थांब, गिऱ्हाईक आलंय.

हं. टोमॅटो दाबून दाबून बघितले आणि न घेता गेली. तर हे सगळं मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, बरं झालं. ते माझ्यावरच उखडले. म्हणाले, अगं येडे, तुझ्या आईने जन्मात कधी चहाला तोंड लावलं होतं का?

खरंच की गं! चहाच्या वासानेसुद्धा तिला मळमळायचं. मी तिच्या पोटची पोर, गेटवर बोंबलताना माझ्या लक्षात आलं नाही, आणि ऑक्सिजनवरच्या म्हाताऱ्याला पहिल्याच सकाळी कळलं. मग गप्प का बसलात, असं विचारलं. तर म्हणाले, पोरीच्या चष्म्याआड सगळी वाफ धरलेली, माझ्याकडे न बघताच कप पुढे करत होती. मी नको म्हटलं असतं तर बिचारीला दुसरं खोटं शोधावं लागलं असतं. आणि तिच्याशिवाय हिचं नाव तरी कोण काढत होतं माझ्याजवळ? रोज सकाळी तेवढीच भेट व्हायची आमची.

म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतात, आणि मी बाहेर उभी राहून शिव्या घालत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. बाबा जेवतात, फिरतात, पण मध्येच घास हातात धरून बसतात. विचारतात, हिने पाणी मागितलं असेल का? घाबरली असेल का? जवळ कोण होतं? मी काय सांगू, मी गेटबाहेर. डॉक्टरांना विचारायला ते तयार नाहीत. म्हणतात, त्या पोरीलाच विचारीन, ती आता खोटं बोलायची नाही. तर तू ये. दुकानामागेच घर आहे, मावशी रस्ता दाखवतील. आईचं जे झालं असेल ते सांग. वाईट असेल तर वाईट सांग, ते ऐकतील. मीही ऐकीन, तोंड न उघडता, हे मला किती जड जाईल ते मावशींना विचार. राजीनाम्याचं तुझं तू बघ, त्यात मी कोण बोलणार? पण आधी इथे येऊन हे एवढं खरं बोलून जा. कप बाबांनी आत्तापासूनच काढून ठेवलेत, दोनच, तुझा आणि त्यांचा.

तुझीच,
गेटवरची भांडकुदळ