त्र्यंबकनं एकट्यानं दिलेलं मत

ॲन आर्बर, मिशिगन
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय त्र्यंबक,

होय, हे ठिपके मीच टोचलेत. पुण्याहून पुस्तिका मागवून तू मराठी ब्रेल शिकलास, तेव्हा तू कामावर गेलास की तीच पुस्तिका मी गिरवत बसायचे. डोळे गेल्यापासून तुझं सगळं टपाल मीच वाचून दाखवते. पण तुला लिहिलेलं माझं पत्र मीच कसं वाचून दाखवणार? चुका सांभाळून घे. हे तुझ्या हाती लागेल तोवर मी सांता क्लाराला प्रीताताईकडे पोचलेली असेन.

मंगळवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तू कसा दिसत होतास ते नाही, म्हणून सांगते. शाळेच्या जिममधल्या मतदान केंद्रावर तिथल्या बाईंनी तुझी मतपत्रिका मशीनमध्ये सरकवली, तुला हेडफोन दिले. मी सवयीनं तुझ्या मागे निघाले, तर त्यांनी हसून मला भिंतीजवळची खुर्ची दाखवली. आठ वर्षांत पहिल्यांदा तू मत देत होतास आणि मी नुसती बसून होते. आधी तुझे खांदे कानांपर्यंत चढले होते. मग बोटांना बटणं ओळखीची झाली आणि खांदे खाली आले. मध्येच तू एकटाच हसलास. वीस मिनिटं लागली. मशीननं कागद बाहेर दिला, तो दोन्ही हातांनी धरून तू मोजणीच्या पेटीपर्यंत गेलास, फट चाचपलीस, आणि पेटीनं तो आत ओढून घेतला. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. बाहेर पार्किंगमध्ये मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "कोणाला दिलं ते तुला सांगणार नाही." इतकं ताठ मी तुला आपल्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मला अठ्ठ्याण्णव साल आठवलं. इथे गाडीचं लायसन्सही राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्याच ऑफिसातून मिळतं आणि निवडणुकाही तेच ऑफिस बघतं. दिसेनासं झालं म्हणून त्याच्या काउंटरवर तू आपलं लायसन्स स्वतःहून ठेवलंस आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिलीस. पुढे नवा कायदा झाला, अंधांना गुप्त मतदान करता यायला हवं असा, आणि तू त्याच ऑफिसला पत्रं लिहायला घेतलीस. दर पत्राला उत्तर आलं. मग मशीन तपासायला राजधानीत, लॅन्सिंगला बोलावणं आलं. आतला आवाज फार भरभर बोलतो, असं तू सांगितलंस आणि तिथल्या अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. परतताना तू तासभर शीळ वाजवत होतास.

आता जे सांगायचं ते. दोन हजार दोनमध्ये तुझी मतपत्रिका मी भरत असताना तू मला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या पदासाठी एक नाव सांगितलंस. मी दुसऱ्यापुढे खूण केली. ग्रीन कार्डवर मला मत नव्हतं, पण विचार होते. हातात पेन होतं आणि तुला दिसत नव्हतं. तू सांगितलेलं नाव हरलं. रात्री जेवताना तू म्हणालास, निदान आपलं एक मत तरी त्या नावाला पडलं. मी तुला वाढत राहिले. त्यानंतर तू ऑफिसला लिहिलेलं प्रत्येक पत्र मी टाइप केलं, आणि दर वेळी तुला सांगायचं ठरवून राहून गेलं.

मंगळवारी त्या खुर्चीत बसून मला तुझा हेवा वाटला. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही म्हणून वीस वर्षं टाळलेला नागरिकत्वाचा फॉर्म मी त्याच संध्याकाळी भरायला घेतला. त्यात एक प्रश्न आहे: तुम्ही या देशात कधी मतदान केलं आहे का? 'नाही'वर पेन टेकवलं आणि उचललं. काय लिहायचं ते वकिलांना विचारून खरं तेच लिहीन. पण आधी तुला कळायला हवं होतं, आणि तेही मध्ये कोणी न वाचता. तू चिडशील, चीड. मी मात्र हा फॉर्म पाठवणार आहे. मला मत हवंय, त्र्यंबक, माझ्या नावाचं.

फोनवर काही बोलू नकोस, ठिपक्यांतच उत्तर पाठव.

तुझीच,
आसावरी