शुक्रवारचा दिवा आणि माझे कर्णे

मी, शांतवन याकोब सातपुते, धर्म ख्रिस्ती, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पाय थकलेत, कान शाबूत आहेत.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी सुलोचना हिची. घर तिच्या पश्चात मुलगा उल्हास याचे. थडग्यावर संगमरवर नको, साधा दगड पुरे.

२. गारगोटीहून आलो तेव्हा मला वायर सोलता येत नव्हती. शेजारचे हन्नोकभाऊ झिराडकर, बेने इस्राएल म्हणजे इथले मराठी यहूदी, रेडिओ दुरुस्तीवाले, यांनी हाताला धरून शिकवले. त्यांनी दिलेला हत्यारांचा डबा माझा कारागीर दिलदार याला द्यावा. उल्हासने तो कधी उघडला नाही.

३. दुकान आणि कर्ण्यांचा संच उल्हासचा, पण अटीवर. कारण असे. यंदाच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या अंगणातल्या उपासनेत तो बोलायला उभा राहिला. माईक माझा, कर्णा माझा, आणि कर्ण्याचे तोंड हन्नोकभाऊंच्या विधवेच्या, रिबकाबाईंच्या, खिडकीकडे. "यहूदी हे देवानं टाकलेले लोक, त्यांची जागा आता आपली," असे तो म्हणाला. दिवस मावळत होता, बाई शब्बाथचा, त्यांच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावत होत्या. लोक आमेन म्हणाले. त्यात मला पलीकडे खिडकीची कडी लागलेली ऐकू आली. मी उठून वायर काढली.

"पपा, चारचौघांत माझी लाज काढलीसा."

"आणि तू कुणाची काढलीस? प्रभूची आई यहूदीच, दर शुक्रवारी असाच दिवा लावत असणार. आपण त्या घरात मागनं आलेलं पावणं. पंगतीला बसवून घेतलं म्हणून घरधनिणीलाच ऊठ म्हणायचं व्हय?"

रिबकाबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "वाऱ्यानं दिवा विझेल म्हणून लावली हो खिडकी, शांतवनभाऊ." वारा नव्हता.

उल्हास अजून माझ्याशी धड बोलत नाही, म्हणून लेखी सांगतो. माझ्या कर्ण्यातून यहूद्यांना किंवा कुणाच्याही धर्माला हिणवणारा शब्द निघाला, तर त्या दिवसापासून संच दिलदारचा.

४. माझ्या मातीला कर्णा लावू नये. रिबकाबाईंची इच्छा असल्यास त्यांच्या हिब्रू भाषेतली प्रार्थना आधी व्हावी. उल्हासने शेजारी उभे राहावे आणि कळली नाही तरी शेवटी आमेन म्हणावे. तो शब्द आपल्याला त्यांच्याच घरातून मिळाला आहे.

सह्या शनिवारी व्हायच्या होत्या, एक साक्षीदार रिबकाबाई. त्या म्हणाल्या, शब्बाथ म्हणून शनिवारी त्या लेखणी धरत नाहीत. रविवारी आमची उपासना. वकील वैतागले, "तुमच्या दोन देवांच्या सुट्ट्यांत माझं काम अडलंय की." बाई म्हणाल्या, "देव एकच हो, सुट्ट्या दोन."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून रिबकाबाईंना काही दिलेले नाही.

वकिलांनी वरचे वाचून दाखवेपर्यंत उल्हास दारात उभा होता. बाई सहीला आल्या तेव्हा त्याने आतून खुर्ची आणून दिली. मी पाहिले. तरीही अट तशीच ठेवली आहे.

कोल्हापूर, सोमवार, २२ एप्रिल १९७४

(सही) शांतवन याकोब सातपुते

आम्हा दोघांच्या देखत सही केली:
१. रिबका हन्नोक झिराडकर
२. हंबीरराव आकाराम पोवार