पेट्रोलची नळी आणि निंदणाची पाळी

१२ जुलै २०२५, शनिवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. आपण केलेलं काम कुठंतरी लिहून राह्यलं पाहिजे, लोक इसरतात.
बाजारहत्नूरला सुवर्णाताईकडं येऊन चार दिवस झाले. त्याआधी सुरत, पुणे, हैदराबाद. घरचे म्हणतात हा कुठं टिकत नाही. तसं नाही. माझं शिकून लवकर होते.
ताईची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, गवतात बुडून राह्यली. भाऊजी ट्रकवर, पोळ्याशिवाय येत नाहीत. आणि घरात गवत कापायची पेट्रोलची मशीन नुसती पडून. मी हातात घेतली, हुंगली, दोन मिनिटांत फॉल्ट काढला. पेट्रोलची नळी चिरली. बस, एवढंच. हैदराबादला दीड महिना गॅरेजात होतो. गेटवर होतो, पण गेटवरून सगळं दिसते.

दुपारी १२
प्रयागबाई मावशीला सांगून आलो, सोमवारी ताईच्या शेतात निंदायला येऊ नका, आता मशीन हाये. मावशीजवळ बारा बायांची टोळी. अख्ख्या गावाच्या शेतांची पाळी तीच लावते. विचारलं, सुवर्णानं सांगितलं काय? मी म्हटलं, तिला सरप्राइज हाये. मावशी म्हणे, पाळी सोडली का नाव शेवटी जाते बाबा, पंधरा दिवस वळून पाहत नसतो आमी. मी म्हटलं, पाहू नका.

संध्याकाळी
ताईला सरप्राइज दिलं. भाकरी थापायचा आवाज जरा मोठा येत होता.

१३ जुलै, रविवार
मशीन खोलली. एक नाही, दोन नळ्या निघाल्या. दोन काऊन, ते बनवणाऱ्यालाच माहीत. कोणती कुठं होती ते ध्यानात ठेवलं, लिहायची गरज नाही.
नवी नळी बाजारात शोधत बसणारा मी नाही. ढोराच्या डॉक्टरकडून सलाईनची नळी आणली. आरपार दिसते. पेट्रोल जाताना डोळ्यानं दिसलं पाहिजे, जुन्या नळीत ही सोयच नव्हती.
बसवली. पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दाबला. टाकीत बुडबुडे. चांगलं लक्षण. टाकी श्वास घेऊन राह्यली.

दुपारी ४
सुरू होत नाही. दोन नळ्यांची अदलाबदल केली. चूक नव्हती, टेस्टिंग होतं.

४.२०
सुरू झाली! चाळीस सेकंद. गल्लीतल्या कोंबड्या गेल्या त्या सांजेपर्यंत आल्या नाहीत. ताईला म्हटलं, पाह्य. ताई म्हणे, बंद काऊन झाली? मी म्हटलं, मीच केली. पेट्रोल वाचवलं.

१४ जुलै, सोमवार
पाऊस. आज बाया आल्या असत्या तरी काय केलं असतं? निर्णय बरोबर होता.
(बाया गावातल्या अमृतरावच्या शेतात होत्या. डोक्यावर पोतं घेऊन निंदत होत्या म्हणे. हौस लोकांना.)

१५ जुलै, मंगळवार
शेतात नेली. दीड तास कापलं. नंतर नळी काडीसारखी कडक झाली आणि मोडली. ताई म्हणे, साधं प्लास्टिक पेट्रोलात कडक होते, मशीनीच्या पुस्तकात लिहिलं हाये. मी म्हटलं, पुस्तक वाचणाऱ्याच्या हाताला ग्रीस लागत नाही. ताई म्हणे, गवत गुडघ्याला आलं, तुझ्या ग्रीसचं मी काय करू? चार एकरात माझं अख्खं साल हाये वैभ्या.
उद्या आदिलाबाद. अस्सल नळी. जाऊन, घेऊन, दुपारी जेवायला घरी.

१६ जुलै, बुधवार. संध्याकाळी ७
आदिलाबादला निघालो होतो. इचोड्याला बस बदलायची, तिथं एक जीपवाला भेटला. कुंटाला धबधब्याला चालला होता. उलट्या बाजूला हाये, मान्य. पण पाणी या दिवसांतच असते, नळी बारा महिने मिळते. धबधबा जोरदार. फोटो काढले. ताईला एक दाखवला. तिनं फोटो पाह्यला नाही, माझ्या तोंडाकडं पाह्यलं.
नियम आजपासून: एका टायमाला एकच काम.

१७ जुलै, गुरुवार
आदिलाबाद. महिपतचं पंप आणि मशीन दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईकाशी तो तीन भाषांत बोलते आणि तिन्हीत टोमणे मारते. म्हणे, जुनी नळी नमुन्याला आणली काय? नव्हती आणली. मी करंगळी दाखवली, एवढी जाड. महिपत म्हणे, करंगळी काय मशीनीतून काढली? मग त्यानं मशीन कोणती ते विचारून दोन नळ्या कापून दिल्या. म्हणे, मशीन इथं आणा, लावून देतो. मी म्हटलं, लावता येते. म्हणे, टोक तिरपं कापा आन तारेनं ओढा. मी ऐकून घेतलं. लहान माणसाचं मन मोडू नये.

१९ जुलै, शनिवार. सकाळी ८
आज शेवट. दहा वाजेपर्यंत मशीन शेतात.

दुपारी १
टाकीचं भोक नळीपेक्षा बारीक आहे. बनवणाऱ्याची चूक. साबण लावला. तेल लावलं. तूप लावलं. (ताईला तूप कळलं.) तिरपं वगैरे कापणार नाही. सरळ माणूस सरळच कापते.

३.३०
नळीच्या टोकाचा फिल्टर टाकीत पडला. हलवलं की वाजते. म्हणजे आहे, हरवला नाही.

५.००
भोक मोठं करायला खिळा तापवून राह्यलो होतो. पेट्रोलची टाकी. ताईनं खिळा हातातून घेतला, पाण्यात टाकला, आणि मला दळण आणायला पाठवलं. गेलो. वाद घालण्यात टाइम जाते.

५.५०
दळण घेऊन आलो तर मशीन ओसरीवर चालू. ताईनं केली. टाकीतला फिल्टर वाकड्या तारेनं काढला, टोक तिरपं कापलं, तार घालून नळी ओढून घेतली. पाहणाऱ्या शेजारणी सांगतात दहा मिनिटं लागली. दहा नसतील, पंधरा. आणि तूप माझं होतं.

२१ जुलै, सोमवार
मशीन चालते. पण आज प्रयागबाई मावशी बांधावर आली आणि म्हणे, मशीन दोन ओळींच्या मधलं कापते, झाडाच्या बुडाजवळचं कोण काढन? तिथं मशीनीचा फिरता दोरा नेला तर पऱ्हाटीच कापते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मावशी म्हणे, तू इचारलं नव्हतं.
ताई तिथंच तिच्याशी बोलली. ठरलं ते असं: शनिवारी बाया ताईच्या शेतात येतील, बदल्यात ताईच्या घरचं एक माणूस सहा दिवस टोळीत सावडीला. म्हणजे लोकांच्या शेतात निंदायचं, तवा लोक आपल्यात येतात. घरचं माणूस म्हणजे मी.
मला न विचारता ठरवलं. असं कोणी करते काय? दुसऱ्याच्या वतीनं परस्पर जाऊन शब्द देणं मला पटत नाही. ताईला तसं बोललो. ती खूप येळ हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

२२ जुलै, मंगळवार
अमृतरावचं शेत. विळा हातात, पण मी मुख्यतः देखरेखीला. बायांना सुरतची गोष्ट सांगितली, मग पुण्याची. त्या पुढं जात राहिल्या, मला मोठ्यानं बोलावं लागलं. माझ्या ओळीत गवत राहिलं म्हणे. काही गवत औषधी असते.

२३ जुलै, बुधवार
मावशीनं दिवस मोजताना मला अर्धा धरलं. बारा बाया आन एक आर्धा, असं सगळ्यांपुढं. म्हणजे माझे सहा दिवस बारा होतात. मी विचारलं, कोणत्या नियमानं? म्हणे, ओळीच्या, तुझी अर्धीच होते.
मी मोडणारा नाही. बाराचे चोवीस केले तरी येईन. सुरतेच्या कामावरचा दोस्त पंढरी, त्याचा फोन आला, काम आहे ये म्हणे. सांगितलं, टोळी माझ्यावर अवलंबून आहे.

२५ जुलै, शुक्रवार
पाऊस अंगावर. पाठ माझी नाही, कोणाची तरी आहे. आजही अर्धा.

२६ जुलै, शनिवार. संध्याकाळी ६
ताईच्या शेतात पाळी. ताई मशीन घेऊन पुढं, मागून बुडाजवळचं काढत बाया, त्यांच्यात मी. तीन एकर मोकळी झाली. उरलेलं उद्या ताई आणि मी. पऱ्हाटी वाचली. बाकीच्यांनीही हातभार लावला, ते लिहून ठेवतो.
मावशीनं दिवसाअखेर मोजलं आणि आज मला पाऊण धरलं.
पाऊण. पाच दिवसांत. हैदराबादला दीड महिन्यात मला कोणी मोजलंही नव्हतं. खुणेनं विचारलं, काऊन?
मावशी म्हणे, आज तू बोलला नाही, त्याच्यानं ओळ झाली.
पावसानं माझा घसा बसला आहे, काल रात्रीपासून. हे मावशीला सांगितलं नाही. सांगता येतही नव्हतं.