आमच्या घरचं नाक

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज परत घोडीवरून, म्हणजे रंगाऱ्याच्या उंच स्टुलावरून, खाली उतरावं लागलं. विजय नगरचा फ्लॅट, हॉलच्या छताची घिसाई, पॉलिशपेपरने पुट्टी घासायची. पुट्टीची पावडर डोळ्यात, नाकात, डब्यातल्या पोळीवर. अर्धं छतही झालं नाही तर दम लागला. ठेकेदार महेश भिया (इकडे भैयाला भिया म्हणतात) खालून, "क्या भिया, बाईस की उमर में बुड्ढा हो गया?" सगळे हसले. मी पण हसलो. हसायलाही हवा लागते, तीच नव्हती.
पुढच्या कामाला मला स्वतःची टोली देतो म्हणालाय. चार माणसं माझ्या हाताखाली. आणि नेमकं आत्ताच हे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सुट्टी मारून सरकारी दवाखाना. गेलो खोकल्याचं औषध घ्यायला, डॉक्टर मॅडम छाती तपासायच्या आधी तोंडच बघत बसल्या. डोळे एकमेकांपासून लांब लांब, डावी पापणी उतरलेली, नाक बसकं. "घर में और किसी का चेहरा ऐसा है?" आणि खरंच पट्टी काढून मोजायला लागल्या! सांगितलं, बाबांचं असंच होतं, काकाचं पण. "पिताजी को क्या हुआ था?" दम लागूनच गेले. मग लिहीतच सुटल्या.
पाइपात फुंकायची टेस्ट. नाकाला चिमटा लावतात, माझ्या नाकावरून तीनदा सटकला. शेवटी तिथल्या माणसाने बोटांनीच नाक धरलं आणि कानाशी बोंबलतोय, फूंको फूंको फूंको, और, और, और! और कुठून आणू बाबा.
आकडा वयाच्या मानाने फार कमी निघाला.
मॅ. म्हणाल्या, पोटात मूल घडताना चेहरा आणि फुप्फुसं, दोघांना काही हुकूम एकाच जागेवरून जातात, जीन म्हणतात तिला. तिथलं एखादं अक्षर वेगळं असलं तर दोन्हीकडे फरक पडू शकतो. नुसतं तोंड बघून फुप्फुस कळत नाही, संशय येतो फक्त. रक्त घेतलं. तसं निघालं तर धुळीचं काम बंद, गेलेला दम परत येत नाही म्हणे.
बंद करून करू काय? सातवी नापास माणूस. ते सांगणारा डॉक्टर कुठल्या खोलीत बसतो?

२४ नोव्हेंबर, सोमवार
मॅ. ना बाबांचा फोटो पाहिजे. आईने भिंतीवरच्या तसबिरीचा काढून मोबाईलवर पाठवला. बाबा गेल्यावर भुसावळच्या स्टुडिओत बनवलेला. कोट, टाय, नाक सरळ, दोन्ही डोळे एका लायनीत! बाबांनी जन्मात कोट घातला नाही.
आईला फोन केला. हे काय पाठवलं? तर तीच माझ्यावर चढली. "मग काय तसाच लावू? जन्मभर लोकांनी नावं ठेवली त्यांना. भिंतीवर तरी नीट दिसू दे."
दुसरा फोटो नाही. लग्नातल्या फोटोत बाबा कायम कोणाच्या तरी पाठीमागे. मतदान कार्डावर नुसता काळा ठिपका.
मॅ. नी कोटवाला बघून चष्मा काढला, पुसला. "ये किसी काम का नहीं, बेटा." आईला नाही सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार
रिपोर्ट आला. पावणेदोन महिने थांबून काय, तर अक्षर वेगळं सापडलंय पण त्याचा अर्थ अजून नक्की नाही!! कागदावर तसंच छापलंय. म्हणजे आहे पण आणि नाही पण. मी विचारलं, घोडीवर चढू की नको? "तब तक मास्क लगाओ, धूल से बचो." पुट्टीवाल्याला म्हणे धुळीपासून लांब राहा.
आता काकाचं रक्त पाहिजे. तोंड तेच, दम तोच. त्याच्यातही तेच अक्षर निघालं तर अर्थ लागायला मदत होईल.

११ जानेवारी, रविवार
काकाला फोन. म्हशीचं विचारलं, गव्हाचं विचारलं, मग विषय काढला.
"गण्या, तुला अक्कल आहे का? माझ्या पिंकीचं लग्न बोदवडला जमतंय. रक्तात खोट आहे म्हणून कागद निघाला तर कोण करील पोरीला?"
म्हटलं, अरे काका, त्यांनी पिंकीचं तोंड बघितलंच ना, आपलंच तोंड आहे ते.
"तोंडाचं चालतं. कागदाचं चालत नाही."
फोन ठेवला त्याने. राग आला खूप. जेवलो नाही. पण पिंकी पण जिना चढताना मध्येच थांबते, हे मला माहीत आहे. त्यालाही.

३० जानेवारी, शुक्रवार
महेश भिया मागे लागलाय. "टोली लेनी है तो हां बोल, नहीं तो ना बोल. लटका के मत रख यार." बुधवारपर्यंत सांग म्हणाला. मला लटकवून ठेवलंय त्यांचं काय. आज मास्क लावून घिसाई केली, मास्कमध्ये आणखीनच गुदमरतो. काढला. परत लावला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
काका न सांगता आला. बसस्टँडवरून फोन, "ये घ्यायला." पिंकीसाठी साड्या बघायला आलो म्हणे. आईने त्याला काय सांगितलं देव जाणे.
माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्यावर काका थांबला, खिशातून मोबाईल काढून बघायला लागला. वाजला नव्हता. मी पण साइटवर असाच चपलेचा अंगठा नीट करत बसतो. पिशवी घेतली त्याच्या हातातून.

४ फेब्रुवारी, बुधवार
दवाखान्यातच लिहितोय. सकाळी उठून काका म्हणाला, साड्यांचं दुकान उशिरा उघडत असेल, तोवर तुझा तो दवाखाना बघून येऊ. बघू, रक्त वगैरे काही नाही.
मॅ. समोरून गेल्या. काकाकडे बघितलं आणि थबकल्या. काकाने गमछा नाकापर्यंत ओढला. मी जाऊन विचारून आलो, काकाचं नाव बाहेर जातं का. नाही जात, त्याच्या सहीशिवाय कोणालाच नाही. काकाला सांगितलं. "सही केली की कागद झालाच ना," म्हणाला.
आमचा नंबर ४१. आत ३६.
महेश भियाचे दोन फोन. उचलले नाहीत.
काका चहा पिऊन येतो म्हणून गेला. पिशवी माझ्याकडेच आहे. ३८ झाला. गेटकडे बघतोय, गमछेवाले बरेच आहेत.
३९.