आईंचा पुढे केलेला हात

रविवार संध्याकाळ, वॉटफर्ड

डोकं अजून तापलंय. सासूबाई गेलं वर्षभर येशूची प्रार्थना करताहेत. आज चर्चमध्ये प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षरस वाटतात तेव्हा, त्यांनी, तीर्थ घेतात तसा, उजवा तळहात पुढे केला. आमच्या चर्चचे एल्डर, सॅम्युएलकाका, ट्रे घेऊन सरळ पुढे गेले. का, तर आईंचा बाप्तिस्मा झालेला नाही!

नंतर चहावर हेच काका तावातावाने वाद घालत होते. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो कधी? बाप्तिस्म्याला, की शेवटच्या न्यायाला? "विश्वास ठेवला त्याच क्षणी!" काका गरजले. सगळे म्हणाले, आमेन. मी? कप विसळत होते.

तो हात डोळ्यांपुढून जातच नाही. कारमध्ये आईंनी तो कोटाच्या खिशात घातला होता.

"त्याच क्षणी, म्हणाले ना ते? मग ट्रे आला तेव्हा माझा कुठला क्षण चालू होता गं?"