अकोल्याहून आणलेली नाव

सर, तुम्ही गेल्यावर तुमच्या ऑफिसच्या जागी कोचिंग क्लास आला. मी दोन गल्ल्या सोडून, अमरावतीतच, माझं ऑफिस मांडलं. यंदा एक काम आलं आणि ते मिटेपर्यंत रोज वाटत राहिलं, हे सरांना सांगायला हवं. कोर्टातल्या मंडळींना सांगून झालं, घरी तर दोनदा झालं. तुम्हीच राहिलात.

धरणाकाठच्या गावातल्या दोघी जावा एका सकाळी आल्या. मासेमारी करणारं घर. आजवर घरच्या पुरुषांच्या नावेत बसून जाळी ओढली, आता स्वतःची नाव हवी, म्हणून दोघींनी अकोल्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी फायबरची नाव विकत घेतली. त्यानं ती हौसेनं शेततळ्यासाठी आणली होती. निळा रंग नवाकोरा. टेम्पोतून गावी आणली, नारळ फोडला आणि पहिल्याच दिवशी भर पाण्यात तळातून पाणी वर यायला लागलं. डब्यानं उपसत, अर्धं अंतर पोहत, नाव ढकलत त्या काठाला लागल्या. रंगाखाली बोटभर रुंदीची चीर निघाली, पुट्टी भरून बुजवलेली.

धाकटी तापलेली होती. "वकीलबाई, त्याले आतच टाका." थोरली म्हणाली, "आतून तो काय नाव देईन? थांब वं. मॅडम, आमच्या हातात काय काय हाये, ते सांगा पह्यले."

आणि मला तुमच्याकडचे माझे पहिले दिवस आठवले. मी नवीन आहे, मोठ्या हुशारीनं एक नोटीस लिहून आणली आहे, पानभर इंग्रजी आणि उरलेलं सरकारी मराठी. तुम्ही चष्मा वर करता. "हे वाचून त्या मानसाले राग येईन. समजन काय?" आणि समोर बसलेल्या पक्षकार बाईला ती मोठ्यानं वाचून दाखवायला लावता. तिला एक वाक्य कळत नाही. मला रडू येतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून बाईसाहेबांच्या शिलाई मशीनचं रिकामं टेबल आणवलंत, मला बसायला स्वतःची जागा म्हणून. त्याचं पायडल शाबूत होतं. पुढची कित्येक वर्षं मी दावे लिहिले ते पायडल हलवत.

तर त्या दोघींना मी बोलीतच सांगितलं. ग्राहक आयोगात जाता येणार नाही, कारण तो काही नावांचा धंदा करत नाही, घरची एक वस्तू विकली त्यानं. जुनी वस्तू पाहून घेतली की तिचा दोष साधारणपणे घेणाऱ्याच्या माथी. पण दोष माहीत असून झाकला, विचारल्यावर खोटं बोलला, तर ती फसवणूक. मग नाव परत करून पैसे मागता येतात, नाहीतर नाव ठेवून नुकसानभरपाई. पोलिसांत तक्रार करता येते, पण सुरुवातीपासूनच फसवायचं होतं हे दाखवावं लागेल. दिवाणी दावा चालेल, वेळ घेईल. त्याआधी विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी, बायकांना तिथं वकील फुकट. तोवर नाव वापरू नका, चीर बुजवू नका, फोटो काढा.

"इचारलं व्हतं ना म्या," थोरली म्हणाली आणि मोबाइल पुढे केला. तिनं बोलून पाठवलेला प्रश्न होता, तळाला भोक-बिक नाही ना. आणि त्याचं हसत दिलेलं उत्तर, "ताई, टनटन वाजते नाव. लेकरावानी सांभाळली."

नोटीस गेली. उत्तर आलं की पाहूनच घेतली होती. मग अकोल्यात मध्यस्थीची तारीख लागली. ठेकेदार आला, सोबत त्याचा वकील आणि म्हातारी आई. तिला तिथूनच पुढे दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून ती बसून राहिली. ठेकेदार म्हणाला, असं काही मी बोललोच नाही. मी मोबाइल लावला. म्हातारी कान देऊन ऐकत होती.

"हा त तुहाच आवाज होय ना रे," ती म्हणाली. "आन लेकरावानी काहून म्हनतं? गोट्यावर आपटली तवा म्या म्हनलं नव्हतं, फुटकी हाये, इकू नोको?"

मध्यस्थ बाई खाली पाहून हसू दाबत होत्या. इथलं बोलणं कोर्टात वापरता येत नाही, हे मला माहीत होतं. ठेकेदारालाही त्याच्या वकिलानं कानात सांगितलं असावं. पण आईला कोण सांगणार? तो लाल झाला, मग हळूच म्हणाला, "बरं, नाव घेतो वापस."

मी मनात जिंकले होते. तेवढ्यात थोरली म्हणाली, "वापस नाही द्याची. चांगली नाव हाये, हलकी चालते. दुरुस्त करून द्या. आन मंग तुमी सोता बसा तिच्यात, धरनाच्या मधात." धाकटी म्हणाली, "हो, तेच लिहा." तसंच लिहिलं. खर्च त्याचा, आणि पाण्यात चाचणी झाल्याशिवाय प्रकरण मिटलं म्हणायचं नाही.

चाचणीला अख्खं गाव काठावर. फायबरवाल्यानं तळ नवा केला होता. ठेकेदार लाइफ जॅकेट घालून काठीसारखा ताठ बसला आहे, आणि त्याची आई, कुणी बोलावलं नसताना, लुगडं सावरत नावेत चढते आहे. "सरक रे, मलेबी पाहू दे." जावा वल्हवतात. मधोमध गेल्यावर म्हातारी तळावर तळहात फिरवते, कोरडा हात वर करून दाखवते आणि काठाकडे ओरडते, "कोळ्ळी हाये वं!" गाव टाळ्या वाजवतं. ठेकेदारही हसला, सर. उतरताना त्यानं थोरलीला हात जोडले आणि ती म्हणाली, "जेवून जा आता."

आता त्या दोघी रोज पहाटे जातात. नावेला थोरलीनं पिवळी पट्टी मारली आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. तुमच्या ऑफिसात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. माझ्या भिंतीवर तुमचा फोटो आहे. चाचणीनंतरच्या आठवड्यात दोघी जावा डबाभर तळलेले मासे घेऊन आल्या, आणि आम्ही तिघींनी ते दार लावून, टेबलावरच्या फायली बाजूला सारून खाल्ले. फोटो तेवढा भिंतीकडे वळवून ठेवला होता. वासाचं काय करायचं, ते मात्र सुचलं नाही.