वास्तव्य : तीन वर्षं दोन महिने

लास वेगस,
९ मार्च १९९७

प्रिय एमिल,

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे म्हणतोस, तर मानते, पण काठी वापरत जा. तिकडे अजून बर्फ असेल. बस्टरला रात्री आत घेतोस ना? म्हातारा झालाय आता तो कुत्रा.

इथं सगळं ठीक. दमा आटोक्यात आहे. माझा नवरा रॉय आज असता तर म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो की वाळवंट मानवेल तुला. उत्तराला आठवडा लागला, कारण जरा गडबड होती.

तू इथं कायमचं राहायला यायचं ठरवलंस, पण इथला उन्हाळा तुला ठाऊक नाही. जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. नळाला गार पाणी म्हणून येतं ते कोमटच असतं. आणि माणसं तर विचारू नकोस. मी आले तेव्हा आमच्या रस्त्यावर एक सिग्नल होता, आता सहा झालेत. तुमच्याकडे मुलं नाहीत म्हणून मे महिन्यात शाळा बंद होणार, आणि इथं मुलं मावत नाहीत म्हणून मैदानात पत्र्याच्या खोल्या ठोकून वर्ग भरवतात. त्या शाळेचा बॉयलर तू तीस वर्षं पेटवलास, आता तिथं तुझं मन लागणार नाही हे मला कळतं. तरी वाटलं, घाई करू नये.

हे वाचून तू भुवई चढवली असशील. लहानपणी मी काही लपवलं की तू अशीच चढवायचास. तर सांगूनच टाकते.

माझ्या मागच्या भिंतीपलीकडे जी मोकळी जमीन आहे, जिथं तू सतरा नंबरचं घर नोंदवलंस, तिथं घरं होऊ नयेत म्हणून गेले चार महिने मी दारोदार सह्या गोळा करत होते. सकाळी भिंतीपाशी कॉफी घेऊन उभं राहिलं की लावा पक्ष्यांचा थवा झुडपांखालून पळताना दिसतो. ते मला माझं वाटायला लागलं होतं. आमच्या गटाचा म्होरक्या गारलंड, कॅलिफोर्नियातून येऊन त्याला दीड वर्ष झालंय. तो म्हणायचा, शहर भरलं, आता बास. आम्ही सगळे माना डोलवायचो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मंगळवारी नगरपालिकेत सुनावणी झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी नाव, पत्ता आणि इथं किती वर्षं राहता ते सांगायचं, असा तिथला नियम. एकजण म्हणाला अकरा महिने. एक बाई म्हणाली सात आठवडे, तिचं सामान अजून खोक्यांतच होतं, आणि तीही नव्या लोकांना थांबवा म्हणून सांगायला आली होती. कारकुनाने तोंडावर रुमाल धरला. मी म्हणाले, तीन वर्षं, आणि त्याने विचारलं नसताना वर दोन महिनेही जोडले. मग तावातावाने बोलले. टाळ्याही पडल्या.

शेवटी पुढच्या गल्लीतली ओफेलिया बारागान उठली. वय सत्तरच्या पुढे. तिने सांगितलं, छत्तीस वर्षं. ती एवढंच म्हणाली की घरं बांधा, पण रांगेच्या टोकाला थोडी जागा सोडा, डोंगर दिसू द्या. आणि बसली.

बाहेर गाड्यांपाशी तिने मला गाठलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"अगं, आता तुझं स्वयंपाकघर आहे ना, त्या मोकळ्या जागेतून मला डोंगर दिसायचा. तीस वर्षं कपडे वाळत घालताना बघत होते. तुझं घर उभं राहिलं तेव्हा मी रडले. मग डोळे पुसले आणि तुझ्यासाठी तमाले वाफवून आणले."

मग म्हणाली, "ताट अजून तुझ्याकडेच आहे. तेवढं दे बाई, माझ्या सासूचं आहे."

एमिल, ते निळ्या काठाचं ताट मी पुदिन्याच्या कुंडीखाली ठेवलं होतं. आपल्या गावात नवं बिऱ्हाड आलं की आई त्याच दिवशी ताट भरून गोड कोलाचे पाव घेऊन जायची, आणि रिकामं ताट परत करणाऱ्या बाईचं नाव पुढची दहा वर्षं निघायचं. मी तर परतही केलं नव्हतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी गोष्ट अजून राहिलीच आहे. तुला वाटत असेल, तुझं पत्र सुनावणीनंतर आलं. ते शनिवारी आलं होतं. "तुझ्या खिडकीतून माझा दिवा दिसेल" हे वाक्य मी तीनदा वाचलं, पत्र ओट्याच्या खणात ठेवलं आणि मंगळवारी जाऊन बोलले. माघार घेतली तर गारलंड आणि मंडळी काय म्हणतील, एवढाच विचार डोक्यात होता. सख्ख्या भावापेक्षा चार महिन्यांची ओळख मोठी वाटली मला. याची माफी मागते.

काल आईच्या पद्धतीने कोलाचे केले, अर्धे खसखशीचे, अर्धे जर्दाळूचे. इथल्या कोरड्या हवेत पीठ नीट फुगत नाही, चार करपले. उरलेले त्या ताटात घालून ओफेलियाकडे गेले. तिने एक खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाली, "साखर जास्त झालीय. पुढच्या वेळी मी शिकवते." मग बराच वेळ बसलो. निघताना तिने तेच ताट पुन्हा भरून माझ्या हातात दिलं. आता हे कुठं थांबायचं ते देवच जाणे.

निर्णय पुढे ढकललाय. २५ तारखेला पुन्हा सुनावणी आहे, आणि मी नाव दिलंय. सांगणार आहे की माझं आधीचं बोलणं चुकलं, घरं होऊ द्या, फक्त ओफेलियाची जागा सोडा. गारलंडला फोन करून सांगितलं. तो आता माझ्याशी बोलत नाही, त्याने विशेष बिघडत नाही. घरं मंजूर होतील की नाही ते मला माहीत नाही. झाली नाहीत तरी तू ये. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र मी आजच हलवलं. बस्टरलाही आण.

गावाच्या वेशीवरच्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा आता तीनशे एकोणनव्वद आहे म्हणतोस. तू निघालास की तिथं एक कमी होईल आणि इथं एक वाढेल. मी त्या एकाच्या विरोधात बोलले होते. पंचवीस तारखेला त्याच एकासाठी बोलेन.

लाव्यांचा थवा अजून येतो. तू आलास की सकाळी दोघं मिळून बघू, आहेत तोवर.

तुझी बहीण,
अ‍ॅडलिन
(वास्तव्य : तीन वर्षं दोन महिने. म्हणजे नवीनच.)